हाताची सूज: कधी थांबायचं, कधी लगेच निघायचं

गौरी बसायच्या आदल्या दिवशी कपाटातून पाटल्या काढल्या. उजव्या हातात पाटली सरकन गेली. डाव्या हातात अंगठ्याच्या मुळाशी अडकून बसली. साबण लावून बघितला, कासार करतात तशी हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून बघितली, तरी चढेना. सासूबाई म्हणाल्या, "पावसाळ्यात हात जरा फुगतातच गं, तेल लावून चोळ रात्री." मलाही ते पटलं, कारण दुखत काहीच नव्हतं. डाव्या बाजूच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तेव्हा 14 महिने झाले होते. किमो संपली होती, लाईट म्हणजे रेडिएशन संपलं होतं, डोक्यावर केस परत आले होते. हात सुजण्याचा त्या ऑपरेशनशी काही संबंध असेल, हे मनातही आलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची यादी मिळाली होती, टाके कधी काढायचे ते सांगितलं होतं, हाताबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आठ महिने मी तशीच काढली. आज माझा डावा दंड उजव्यापेक्षा जाड आहे आणि तो आता तसाच राहणार आहे.

तुमचे ते आठ महिने जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण गेली काही वर्षं परळच्या टाटा मेमोरियलच्या फेऱ्या मारताना, बाकावर शेजारी बसलेल्या नवीन बायकांना जे सांगत आले, तेच इथे नीट क्रमाने मांडते. कॅन्सरशी संबंध नसलेल्यांनीही मधला भाग वाचा. हात इतरही कारणांनी सुजतो, आणि त्यातली एक-दोन कारणं फार घाईची असतात.

आधी हे समजून घ्या

आपल्या काखेत लहान लहान गाठी असतात, लसिका ग्रंथी. हातात झिरपलेलं जादाचं पाणी बारीक नळ्यांमधून गोळा होतं, या गाठींतून गाळलं जातं आणि पुन्हा रक्तात जातं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या किंवा काखेवर रेडिएशन दिलं की हा निचरा अरुंद होतो. मुंबईत हिंदमाताला पावसाचं पाणी तुंबतं तसंच हे. एरवीच्या सरींचं पाणी गटारं वाहून नेतात, पण एखाद्या दिवशी धो धो कोसळला की रस्त्यावर गुडघाभर पाणी. हाताच्या बाबतीत तो धो धो पाऊस म्हणजे एखादी जखम, जंतुसंसर्ग, भाजणं किंवा वाढलेलं वजन. या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात.

काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. तपासणीपुरत्या दोन-चार गाठी काढल्या असतील तर प्रमाण बरंच कमी, वीसातल्या एकीच्या आसपास. बहुतेकींना तो पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतो, पण दहा वर्षांनीही येऊ शकतो. म्हणून "माझं ऑपरेशन जुनं झालं" असं म्हणून निर्धास्त राहू नका. स्तनाचा कॅन्सर पुरुषांनाही होतो, त्यांनाही हे सगळं तसंच लागू आहे.

पहिली पायरी: हात मापून ठेवा

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्यांनी हे आजच करा. झालेलं असेल त्यांनीही आजच करा. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या. चार ठिकाणी मापायचं: अंगठा सोडून तळहाताभोवती, मनगटाशी, कोपरापासून खाली 10 सेंटिमीटरवर आणि कोपरापासून वर 10 सेंटिमीटरवर. जागा दर वेळी तीच यावी म्हणून आधी बॉलपेनने खूण करा. टेप कातडीत रुतू द्यायची नाही आणि लोंबूही द्यायची नाही. दोन्ही हात मापायचे. वेळ शक्यतो सकाळची, कामाला लागण्याआधीची. मी संकष्टीला मापते, म्हणजे महिना चुकत नाही, आणि कालनिर्णयच्या त्याच चौकटीत आकडे लिहून ठेवते.

उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच किंचित जाड असतो. म्हणून दोन हातांमधला फरक बघायचाच, पण आपलेच जुने आकडे जास्त खरं बोलतात. दोन हातांच्या मापात 2 सेंटिमीटरचा फरक पडला की डॉक्टर साधारण ते लिम्फेडेमाचं लक्षण मानतात. पण 2 पूर्ण होण्याची वाट बघत बसू नका. दोन संकष्ट्या लागोपाठ आकडा वर सरकला तर वेळ घेऊन टाका.

आकड्यांच्या आधी हात स्वतःच सांगायला लागतो. ब्लाऊजची एकच बाही दंडात काचते आणि काढल्यावर वळ राहतो. घड्याळाचा पट्टा एक घर पुढे लावावा लागतो. अंगठी फिरत नाही. भाजीची पिशवी उचललेली नसतानाही हात जड वाटतो, सारखा झटकावासा वाटतो. अशा वेळी हाताच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. कणकेच्या गोळ्यावर पडतो तसा खड्डा पडून तो हळूहळू भरत असेल, तर तिथे पाणी आहे.

आता सगळ्यात फसवी गोष्ट सांगते. सुरुवातीला ही सूज रात्री झोपून उठल्यावर उतरलेली असते. दिवसभर कपडे, भांडी, ट्रेनचा प्रवास झाला की संध्याकाळी पुन्हा येते. सकाळी हात बारीक दिसला की आपण म्हणतो, गेली बरं का. मी आठ महिने रोज सकाळी हेच म्हणत होते. पण सूज उतरते आहे तेवढाच काळ उपचाराला सगळ्यात सोपा असतो. साचलेलं पाणी तसंच राहिलं की आत चरबी आणि तंतू धरायला लागतात, हात घट्ट होतो, मग उशाशी उचलून ठेवला तरी उतरत नाही आणि दाबल्यावर खड्डाही पडत नाही. तेव्हा फिजिओथेरपिस्टचे हात लागूनही सूज पूर्वीसारखी पूर्ण जात नाही. दुखत नाही म्हणून थांबू नका. लिम्फेडेमा सहसा दुखतच नाही.

दुसरी पायरी: सूज किती वेगाने आली ते बघा

सूज दिसली की पहिला प्रश्न हा: तासा-दोन तासांत आली, दिवसा-दोन दिवसांत आली, की आठवड्यांत? त्यावर पुढचं सगळं ठरतं.

काही तासांत किंवा एका दिवसात अख्खा हात सुजला, जड आणि ठणकणारा झाला, रंग निळसर-जांभळा दिसतो, खांद्यावर किंवा छातीवर शिरा फुगून दिसायला लागल्या, तर हाताच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. किमोसाठी पोर्ट (कातडीखाली बसवलेली छोटी डबी) किंवा दंडातून लांब नळी घातलेली असेल तर हा धोका जास्त. पण धडधाकट तरुणांनाही हे होतं. जिममध्ये वजनं उचलणारा, मैदानावर तासन्‌तास गोलंदाजी करणारा मुलगा, गळपट्टीच्या हाडाखाली शीर दाबली जाऊन त्याचा हात असा अचानक सुजतो आणि घरचे म्हणतात, लचकला असेल. त्याच दिवशी रुग्णालयात जा, डॉपलर सोनोग्राफी होते, गुठळी कळते. चोळू नका, मालीश करू नका, घट्ट पट्टी बांधू नका. सुजेबरोबर दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर आली, तर गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला असू शकतो. तेव्हा रिक्षा शोधत बसू नका, 108 ला फोन करा.

दुसरी घाईची गोष्ट म्हणजे जंतुसंसर्ग, डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतात. ही मी स्वतः भोगली आहे. कोळंबी सोलताना बोटाला डोक्याकडचा काटा लागला, दुपारी 12 च्या सुमाराला. हात धुतला, विसरून गेले. संध्याकाळी 7 वाजता मनगटावर रुपयाएवढा लाल डाग. 9 ला तो कोपरापर्यंत, हात तव्यासारखा तापलेला, आणि मला अशी हुडहुडी भरली की दोन चादरी घेऊनही दात वाजत होते. गल्लीतल्या डॉक्टरांनी तापाची गोळी देऊन सकाळी बघू म्हटलं. सकाळी लाली काखेत पोचली होती आणि पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. ज्या हाताचा निचरा अडलेला आहे त्या हातात जंतू फार वेगाने पसरतात. म्हणून लाली, गरमपणा, दुखणं आणि ताप यातली दोन लक्षणं दिसली की त्याच रात्री जायचं. निघण्याआधी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा, बाजूला वेळ लिहा आणि फोनवर फोटो काढा. डॉक्टरांना लाली किती वेगाने सरकते आहे ते एका नजरेत कळतं. सेल्युलायटिस असताना कॉम्प्रेशन स्लीव्ह (सूज दाबून ठेवणारी घट्ट, ताणली जाणारी बाही) आणि मालीश बंद ठेवायचं, आणि पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टरांनी सांगायचं.

किमो चालू असेल तर ताप हीच वेगळी आणीबाणी आहे. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, हात सुजलेला असो वा नसो, गोळी घेऊन झोपायचं नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तासातासाला फरक पडतो.

बाकीच्या घाईच्या वेळा थोडक्यात सांगते. हाताला प्लास्टर आहे आणि दुखणं गोळीनेही थांबत नाही, बोटं बधिर, थंड किंवा निळी पडली, कुणी बोटं सरळ केली तर जीव जातो, तर मध्यरात्र असली तरी परत जा, प्लास्टर सैल करावं लागतं. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर हाताबरोबर ओठ, डोळे सुजले किंवा श्वास अडकला तरी लगेच रुग्णालय गाठा. साप चावला, आरे किंवा नॅशनल पार्कच्या कडेच्या वस्त्यांत हे घडतं, तर आधी त्या हातातल्या बांगड्या-अंगठ्या उतरवा, हात न हलवता ठेवा आणि सरळ रुग्णालय गाठा. दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. दोन्ही हात, मान आणि चेहरा सुजला आणि आडवं झाल्यावर वाढलं, तर छातीतली मोठी शीर दबल्याचं ते लक्षण असू शकतं, त्याच दिवशी दाखवायचं. डायलिसिसच्या फिस्टुलाचा हात सुजला तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्या विभागाला फोन करा.

एक-दोन दिवसांत दाखवायची सूज वेगळी. ऑपरेशनच्या बाजूचा हात सावकाश सुजतो आहे आणि काखेत किंवा गळपट्टीच्या वरच्या खळगीत गाठ लागते, किंवा हातात मुंग्या, वाढती कमजोरी, रात्री जागवणारं दुखणं आहे. जुना लिम्फेडेमा असून, सगळी काळजी तीच असताना सूज अचानक वाढली, तरी हेच. आजार परतला आहे का, हे डॉक्टरांना बघावं लागतं. बऱ्याचदा तसं काही निघत नाही. मी दोनदा अशी जाऊन निर्धास्त होऊन परत आले आहे, पण ते तपासल्यावर कळलं.

आणि घट्ट बाही, जड हात, संध्याकाळची सूज, एवढंच असेल तर या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. पुढच्या सहामाही तपासणीपर्यंत नेऊ नका.

घरी थांबता येईल असंही असतं. डास चावून गांधी उठली, हात उशाखाली दाबून झोपलात, सलाइन लावलेल्या जागी थोडं फुगलं, तर एक-दोन दिवसांत उतरायला हवं. न उतरता लाल झालं किंवा दोरीसारखी कडक शीर हाताला लागली तर दाखवा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली थोडी सूज बहुधा आपोआप बसते. ती ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टरांना दाखवून ठेवा, म्हणजे झालं.

विदर्भातून, गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याकडून मुंबईत आलेल्या घरांमध्ये हात-पाय सुजला की पहिलं नाव हत्तीरोगाचं निघतं. तो डासांमुळे होतो, हातालाही होऊ शकतो. त्याचे जंतू रात्री रक्तात जास्त येतात म्हणून रक्त रात्री तपासतात. पण ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजला असेल तर हत्तीरोग समजून गावाकडचं औषध आणू नका.

तिसरी पायरी: कुठे जायचं

जिथे ऑपरेशन झालं तिथेच जायचं, हा हट्ट रात्रीच्या वेळी सोडा. भांडुपला राहून हुडहुडी भरलेली असताना परळला निघालात तर दीड तास वाटेत जाईल. अँटिबायोटिक लवकर सुरू होणं महत्त्वाचं, ते कुठल्याही चांगल्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात होतं. पूर्व उपनगरात घाटकोपरचं राजावाडी, पश्चिमेला जुहूचं कूपर, वांद्र्याचं भाभा, शहरात सायन, केईएम, नायर, ही सगळी महापालिकेची आहेत, जेजे राज्य सरकारचं. आपल्या घराजवळचं कुठलं, रात्री तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आजच ठरवून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. गुठळीची शंका असेल तर मोठंच रुग्णालय गाठा, कारण डॉपलर आणि तज्ज्ञ डॉक्टर तिथे मिळतात.

सावकाश वाढणाऱ्या सुजेसाठी मात्र आपली जुनी ओपीडीच बरी. टाटा मेमोरियलची फाइल असेल तर फाइल घेऊन जा. केस पेपरच्या रांगा सकाळी लवकर लागतात, म्हणून पहिली लोकल पकडायची तयारी ठेवा. डॉक्टरांकडे स्पष्ट मागणी करा: "मला लिम्फेडेमा बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा." साध्या शेकाशेकीची फिजिओथेरपी आणि ही, यात खूप फरक आहे. इथे हलक्या हाताने पाणी वळवायचं मालीश, थर देऊन बांधायच्या पट्ट्या, ठरावीक व्यायाम आणि त्वचेची निगा असं सगळं मिळून शिकवतात.

चौथी पायरी: डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य

रात्रीच्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तुमचा इतिहास माहीत नसतो. "हात सुजलाय" म्हणून थांबू नका. असं म्हणा: "डॉक्टर, माझ्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, रेडिएशन झालंय, सूज दुपारपासून आहे, संध्याकाळी ताप आला." मग पोर्ट आहे का, किमोची शेवटची तारीख, चालू गोळ्या आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का ते सांगा. मी हे सगळं एका कागदावर लिहून आधार कार्डाच्या मागे ठेवलं आहे. हुडहुडीत बोलवत नाही, तेव्हा बरोबर आलेला माणूस कागद पुढे करू शकतो.

सलाइन, इंजेक्शन, बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला लावायला सांगा. जीव वाचवायची वेळ असेल तर मिळेल त्या हातात सुई घालू द्या, तिथे अडून बसू नका. "पाणी उतरायची गोळी" लिहून दिली तर नम्रपणे विचारा, ही लिम्फेडेमासाठी आहे की हृदय, किडनी किंवा बीपीसाठी? लिम्फेडेमाची सूज त्या गोळीने उतरत नाही. पण दुसऱ्या कारणासाठी चालू असेल तर ती मनाने बंद करायची नाही.

तोवर घरी काय करायचं

लाली किंवा ताप नसेल आणि सूज सावकाश आलेली असेल, तर बसताना हात उशीवर छातीच्या पातळीच्या थोडा वर ठेवा, मूठ उघड-मीट करा. बांगड्या, अंगठी लगेच उतरवा. चढत नसेल तर कळतं, पण उतरत नसेल तर सराफाकडे जाऊन कापून घ्यावी लागते, मी एक अंगठी तशी कापून घेतली आहे. गरम पाण्याची पिशवी, वाफ, आंबेहळदीचा तापवलेला लेप, तेलाने रगडून मालीश, हे सगळं टाळा. शेकाने आणि रगडण्याने तिथे रक्त जास्त येतं, पाणी वाढतं. माझ्या सासूबाईंनी मायेपोटी दोन महिने रोज रात्री तिळाच्या तेलाने माझा हात रगडला. त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

मेडिकलमधून अंदाजाने स्लीव्ह आणून चढवू नका. ती मापाने घ्यायची असते, दाब किती हवा ते फिजिओ ठरवतात. वरच्या काठाला वळ पडून हात फुगला, बोटं सुजली तर ती स्लीव्ह चुकीची आहे. बरोबर बसणारी स्लीव्ह दिवसा घालायची, रात्री बहुतेकींना काढायला सांगतात, आणि रोज वापरली तर साधारण सहा महिन्यांत तिचा ताण सैल पडतो, मग नवीन माप द्यायचं. मेच्या उकाड्यात ती नकोशी होते हे मला माहीत आहे. ट्रेनमधून उतरल्यावर हात ओल्या रुमालाने पुसून, कोरडा करून पुन्हा घालते मी.

कोळंबी, बोंबील, खेकडे साफ करताना, भांडी घासताना, तुळशीची माती उकरताना रबरी हातमोजे घाला. विळीवर कापलं, फोडणीचं तेल उडालं, तरी लगेच साबण-पाण्याने धुवा, जंतुनाशक मलम लावा आणि दोन दिवस त्या जागेवर नजर ठेवा. काखेतले केस ब्लेडने काढू नका. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात ओल राहून चिखल्या होतात, तिथूनही जंतू शिरतात.

सेल्युलायटिस एकदा झाली की पुन्हा होण्याचा धोका असतो. लाली गेली, बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स मध्येच सोडू नका. वर्षातून दोन-तीनदा व्हायला लागलं तर डॉक्टरांना विचारा, काहींना पुन्हा होऊ नये म्हणून बरेच महिने कमी डोसचं पेनिसिलिन देतात. आणि बरं झाल्यावर, संकष्टीची वाट न बघता, चारही ठिकाणचं माप पुन्हा घ्या. अशा हल्ल्यानंतर हात थोडा जाडच राहू शकतो, आणि जुनी स्लीव्ह मग त्याला बसत नाही.